एका गॅसला दोन ऑक्सिजन

मिस्त्रींना बसायला सांगणं हीच मुळात शिक्षा होती. सव्वीस वर्षं हा माणूस एक तर उभा, नाहीतर वाकलेला, नाहीतर कुणाच्या तरी ओट्याखाली पाठीवर आडवा. खुर्चीवर निवांत टेकायची वेळ यायची ती फक्त केस कापताना, आणि तिथंही न्हावी दोनदा ओरडायचा की मान हलवू नका. अशा माणसाला एकोणपन्नासाव्या वर्षी रोज सकाळी सात ते साडेआठ शाळेच्या बाकावर बसून रसायनशास्त्र शिकावं लागत होतं. बाक चौदा वर्षांच्या मुलांच्या मापाचं. मिस्त्रींचे गुडघे त्यात मावत नसत आणि उजवा पाय सारखा हलत असे. पाय हलला की बाक हलायचं, आणि बाक हललं की शेजारी बसणाऱ्या लिफ्ट दुरुस्तीवाल्याची रेघ वाकडी जायची. त्यानं तिसऱ्या दिवशीच जागा बदलून घेतली.

हौस म्हणून कुणी ही पीडा ओढवून घेत नाही. मिस्त्रींकडे गॅस जोडणीचा परवाना होता. घरात नळी टाकली, शेगडी किंवा गिझर बसवला, की शेवटी कागदावर जी सही लागते ती करायचा अधिकार या परवान्यानं मिळतो. गॅसच्या कार्यालयानं या वर्षी नवा नियम काढला: सही करणाऱ्यानं शाळेच्या शेवटच्या वर्गाचा विज्ञानाचा पेपर पास झालेलं असलंच पाहिजे. मिस्त्रींनी शाळा सोडली सातवीत. पेपर पास झाले नाहीत तर पाना हातात राहणार, सही मात्र दुसऱ्या कुणाची तरी. जुना नियम तर होताच, की कामात चूक झाल्याची एक लेखी तक्रार आली की परवाना कायमचा रद्द. पण त्याची मिस्त्रींना कधी फिकीर करावी लागली नव्हती. सव्वीस वर्षांत त्यांच्या नावावर एक तक्रार नाही. याचा त्यांना एवढा अभिमान होता की बायको म्हणायची, हे वाक्य तुम्ही झोपेतही बोलता.

तर रसायनशास्त्र. मूलद्रव्यांची नावं त्यांनी पाठ केली, खुणा पाठ केल्या, आणि मग धडा आला समीकरणं संतुलित करण्याचा. तिथं गाडी रुतली.

बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं: H₂ + O₂ → H₂O. बाई म्हणजे मिस्त्रींच्या निम्म्या वयाच्या, आवाज बारीक, पण अख्ख्या वर्गाला, त्यात दोन वेल्डर आणि एक निवृत्त पोलीस, मुठीत ठेवणाऱ्या. म्हणाल्या, "डावीकडे जेवढे अणू, तेवढेच उजवीकडे पाहिजेत. काही हरवत नाही, काही उगवत नाही. कोण जुळवून दाखवतं?"

मिस्त्री उठले. बसण्यापेक्षा उठणं बरं, एवढाच हेतू. त्यांनी मोजलं. हायड्रोजन दोन्हीकडे दोन, ठीक. ऑक्सिजन डावीकडे दोन, उजवीकडे एक. एक कमी पडतोय. त्यांनी खडू घेतला आणि उजवीकडच्या O च्या पायाशी बारीकसा दोनचा आकडा बसवला.

"झालं," ते म्हणाले. "बसलं फिट्ट."

"मिस्त्री, हे काय केलंत?" बाई हसू दाबत म्हणाल्या. "पाणी पाहिजे होतं आपल्याला. हे तर हायड्रोजन पेरॉक्साइड, जखम धुवायचं औषध झालं. एवढं तेज घोटभर प्यायलात तर तोंड पोळून निघेल."

"पण दोन्हीकडचा हिशोब लागला ना?"

"लागला. पण पदार्थच बदलला. खालचा बारीक आकडा म्हणजे त्या पदार्थाची घडण. ती जशी आहे तशी. आपल्याला फक्त किती घ्यायचे ते ठरवता येतं, आणि तो आकडा पुढे लिहायचा. दोन पाणी, दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन."

वर्ग हसला. निवृत्त पोलीस सगळ्यांत मोठ्यांदा हसला, आणि त्याला स्वतःला मूलद्रव्य आणि संयुग यातला फरक सांगता येत नव्हता. मिस्त्री जागेवर येऊन बसले आणि पाय पुन्हा सुरू झाला. त्यांना खरंच कळेना की यात चुकलं काय. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. नळी जास्त जाड असली तर घासायची, आटे जुळत नसले तर नवे पाडायचे, भोक लहान असलं तर मोठं करायचं. वस्तू बसत नाही म्हणून हात जोडून उभा राहणारा फिटर कुणी पाहिलाय का?

मुलीनं नेमकं हेच पकडलं. ती शाळेच्या शेवटच्या वर्गात होती, म्हणजे बाप आणि लेक एकाच पुस्तकातून एकच धडा शिकत होते. याची तिला सुरुवातीला लाज वाटली, मग मजा वाटायला लागली, आणि आता तर ती घरची मास्तरीण झाली होती. बाबांच्या हत्यारांच्या पिशवीतून तिनं नट आणि वायसर काढले आणि जेवणाच्या टेबलावर मांडले. मोठे नट ऑक्सिजन, बारीक वायसर हायड्रोजन, आणि कार्बन म्हणून शर्टाची काळी बटणं.

"हे बघ, गॅस. एक बटण, चार वायसर. तुझा रोजचा गॅस."

"हा गॅस?" मिस्त्री बटणाकडे बघत म्हणाले. "याच्यासाठी मी सव्वीस वर्षं नाक लावून हिंडलो?"

"बाबा, लक्ष दे. जळल्यावर काय होतं? बटणाला दोन नट लागतात, आणि दोन-दोन वायसरना एक-एक नट. मग किती नट आणायचे?"

"चार."

"आणि ऑक्सिजनचे नट बाजारात जोडीनंच मिळतात. म्हणजे किती जोड्या?"

"दोन."

"एका गॅसला दोन ऑक्सिजन. झालं की! आता सांग, नटाला कानस लावायची गरज पडली का कुठं?"

मिस्त्रींनी टेबलावरचा पसारा बराच वेळ पाहिला. मग स्वतःच्या हातानं तो मोडला, पुन्हा मांडला, पुन्हा मोडला. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा पाय अर्धा तास हलला नाही. बायको भाजी चिरताना म्हणाली, "शाळा सोडल्यावर छत्तीस वर्षांनी का होईना, अभ्यास करतोय माणूस."

पुढचे आठ-दहा दिवस त्यांच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. लोखंडाचा गंज त्यांनी संतुलित केला, चुन्याची निवळी केली, मॅग्नेशियमची फीत जाळली. पण जसजशी परीक्षा जवळ आली तसतसा जीव थाऱ्यावर राहीना. जेवताना उठून नळ बंद आहे का बघायचे. दुचाकीवर सिग्नलला थांबले की तोंडातल्या तोंडात दोन-एक-दोन पुटपुटायचे. रस्त्यात ओळखीचं कुणी हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत. मुलगी म्हणायची, "बाबा, तुला सगळं येतंय, आता शांत बस." शांत बस म्हटलं की त्यांना आणखी उभं राहावंसं वाटायचं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी टेलरकाकांच्या घरून फोन आला. टेलरकाका म्हणजे पंचाहत्तरीचे, दुकान बंद करून घरी बसलेले. ऐकायला कमी येतं, पण बोलायला भरपूर. त्यांच्या न्हाणीघरातला गिझर मिस्त्रींनीच सात वर्षांपूर्वी बसवला होता. काकू म्हणाल्या, "पाणी कोमटच येतंय हो. थंडीचे दिवस, यांना रोज अकरा वाजता अंघोळ लागते, आणि मग दिवसभर माझ्यावर चिडचिड."

मिस्त्रींनी झाकण उघडलं आणि त्यांना लगेच कळलं. आतल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये काजळी आणि क्षार साचले होते. सगळं उतरवून, घासून, धुऊन पुन्हा बसवायचं म्हणजे अर्धा दिवस. अर्धा दिवस! उद्या दहा वाजता पेपर, आणि आम्ल-आम्लारीचा धडा अजून एकदा नजरेखालून घालायचा होता. त्यांनी खिडकी उघडली, उजेडात जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक तोटी, काढलं, आणि बारीक ड्रिल फिरवून त्याचं भोक जरा मोठं केलं. जास्त गॅस, जास्त आच, गरम पाणी. जुने फिटर हे करतात. करू नये असं सगळ्यांना माहीत असतं आणि तरी करतात. त्यांनी बर्नर पेटवला, ज्योत निळी आली, पाणी हात पोळेल इतकं कढत आलं. वीस मिनिटांत काम झालं.

"देवासारखे आलात," काकू म्हणाल्या. "आता ही खिडकी मी बंदच करून टाकते बाई. फटींत चिंध्या कोंबते. गारठा नुसता आत शिरतो."

"वरची जाळी मात्र उघडी ठेवा," मिस्त्रींनी सवयीनं सांगितलं, आणि आम्ल-आम्लारी आठवत जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या दारात सगळ्यांचे फोन एका खोक्यात जमा करून घेतले. एकदा बाहेर पडलं की पुन्हा आत येता येणार नाही, असं पर्यवेक्षकानं दोनदा बजावलं. मिस्त्रींची जागा खिडकीशी होती. पेपर हातात पडला तेव्हा पाय पुन्हा सुरू झाला. पण पहिला प्रश्न सुटला. दुसरा सुटला. तिसऱ्यात गंज आला आणि त्यांना हसूच आलं, हा तर पाठ होता. चौथा प्रश्न मिथेनचा. मिथेन म्हणजे त्यांचाच गॅस. CH₄ + O₂ → CO₂ + H₂O, संतुलित करा. त्यांनी एका झटक्यात लिहिलं: एक, दोन, एक, दोन. हे सगळं गेल्या महिन्यापर्यंत आपल्याला येत नव्हतं यावर त्यांचा विश्वास बसेना.

त्याच प्रश्नाचा पुढचा भाग होता: मिथेन दुप्पट घेतला आणि ऑक्सिजन त्या प्रमाणात वाढवला नाही, तर कोणता वायू तयार होऊ शकेल?

मिस्त्रींनी बाजूला कच्चं काम मांडलं. गॅस दोन. म्हणजे ऑक्सिजन पाहिजेत चार. चार नाहीत, तीनच मिळाले तर? बटणं दोन, नट सहा. पाण्याला चार नट गेले, उरले दोन. दोन बटणांना एक-एक. कार्बनला दोन पाहिजे होते, मिळाला एक. त्यांनी लिहिलं, कार्बन मोनॉक्साइड. पुढे कंसात लिहिलं, विषारी. समीकरण दोन्हीकडे अगदी बरोबर जुळलं होतं.

आणि पेन तिथंच थांबलं.

गॅस वाढवला तो मी. भोक मोठं केलं काल. हवा कुठून येणार? काल खिडकी उघडी होती म्हणून ज्योत निळी होती. आज खिडकी बंद आहे, फटींत चिंध्या आहेत, आणि वरच्या जाळीतून हवा येते ती पहिल्या जेटच्या हिशोबानं. सात वर्षांपूर्वी ती जाळी त्यांनीच मापून बसवली होती. त्यात आत सगळी काजळी.

भिंतीवरच्या घड्याळात दहा चाळीस झाले होते.

मिस्त्री उठले. पर्यवेक्षक म्हणाला, "बसा, बसा, अजून खूप वेळ आहे."

"मला फोन पाहिजे."

"पेपर संपल्याशिवाय फोन मिळणार नाही. बाहेर गेलात तर परत नाही, सांगितलंय मी."

एक क्षण, खरंच एकच क्षण, मिस्त्रींनी पेपराकडे पाहिलं. आठ प्रश्न बाकी होते आणि आठही त्यांना येत होते. मग ते खुर्च्यांच्या रांगेतून जवळजवळ पळतच निघाले. खोक्यातून फोन उपसला. टेलरकाकांच्या घरची घंटा वाजत राहिली, वाजत राहिली आणि बंद पडली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावायच्या आत त्यांनी दुचाकीला किक मारली होती.

रस्ता रोजचाच, पण आज संपता संपेना. एका चौकात कचऱ्याची गाडी आडवी, दुसऱ्यात सिग्नल. मिस्त्री सिग्नलला थांबले नाहीत. मनात एकच चाललं होतं, काकांना आज उशीर होऊ दे, पेपर वाचत बसू दे, काकूंशी भांडत बसू दे.

काकूंनी दार उघडलं. हातात ओली चादर होती. "अहो, मी मागे कपडे वाळत घालत होते. आज तर तुमची—"

"काका कुठायत?"

"अंघोळीला गेलेत. बराच वेळ झाला. आज पाणी छान गरम आहे ना, म्हणून निघत नाहीत."

मिस्त्री आधी स्वयंपाकघरात धावले आणि मुख्य कॉक बंद केला. मग न्हाणीघराचं दार ठोठावलं. आतून पाण्याचा आवाज, दुसरं काही नाही. त्यांनी खांदा लावला, मग दुचाकीवरून सोबत आणलेल्या हत्यारांच्या पिशवीतला मोठा पाना कडीच्या जागी घातला आणि सगळा भार टाकला. दार आत उघडलं. टेलरकाका स्टुलावर बसून भिंतीला टेकले होते, डोळे अर्धवट उघडे, हातातला तांब्या खाली पडलेला. मिस्त्रींनी त्यांना काखेत धरून ओढत बाहेर आणलं, गॅलरीपर्यंत. काकूंनी कठड्यावरून खाली दवाखान्याकडे हाका मारल्या. खालच्या दवाखान्यातला डॉक्टर जिना चढून येईपर्यंत काकांना एक मोठी उलटी झाली आणि त्यांनी तोंड वाकडं करून विचारलं, "गंजी कुठाय माझी?" ते ऐकून मिस्त्री फरशीवरच बसले.

रुग्णालयात काकांच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणखी पाच-दहा मिनिटं उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. आता धोका नाही. संध्याकाळपर्यंत ठेवू."

बाहेरच्या लांब बोळात मिस्त्री या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. काकू बाकावर बसून ज्याला त्याला फोन करत होत्या. रडत होत्या, हसत होत्या, आणि प्रत्येकाला तेच सांगत होत्या. "मिस्त्री आले म्हणून वाचले रे हे. स्वतःची परीक्षा अर्धी टाकून आले. कोण करतं सांग आजकाल कुणासाठी?" शेजारच्या बाकावरची माणसं मिस्त्रींकडे कौतुकानं बघायला लागली. एका बाईनं त्यांना चहा आणून दिला. मिस्त्रींनी तो हातात धरला आणि चालत राहिले. सांडला तरी त्यांना कळलं नाही.

मुलीचा फोन येऊन गेला होता, दोनदा. पेपर कसा गेला ते विचारायला. त्यांनी उचलला नव्हता.

"मिस्त्री," काकूंनी हाक मारली. "घ्या, आमच्या मुलाला बोलायचंय तुमच्याशी. तिकडून निघतोय तो."

मिस्त्रींनी फोन कानाला लावला. पलीकडचा आवाज दाटलेला होता. "काका, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही. आई सांगत होती. तुम्ही पेपर सोडून आलात."

"तसं काही नाही."

"नाही कसं? बरं, पण झालं काय होतं नेमकं? कशामुळे झालं हे?"

उत्तर तोंडात तयार होतं. हवा कमी पडली. चार शब्दसुद्धा नाहीत, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. खिडकी बंद होती, चिंध्या काकूंनी कोंबल्या होत्या, हवा कमी पडली. हे कुणीही मान्य केलं असतं. काकूंनी स्वतःच मान्य केलं असतं आणि जन्मभर स्वतःला बोल लावला असता. परवाना राहिला असता, पेपर चार महिन्यांनी पुन्हा देता आला असता, आणि या वेळी तर पासच झाले असते. गिझर उघडून पुन्हा जुन्या मापाचं जेट टाकायला दहा मिनिटं लागली असती.

काकू त्यांच्याकडे बघत होत्या. डोळे सुजलेले, चेहऱ्यावर नुसता विश्वास.

मिस्त्री चालायचे थांबले.

"हवा होती तेवढीच होती," ते म्हणाले. काकूंनाही ऐकू जाईल अशा बेतानं, जरा मोठ्यांदा. "गॅस जास्त झाला. काल तुमच्या गिझरचं जेट मी मोठं केलं. साफ करायला अर्धा दिवस लागला असता आणि मला घरी जाऊन अभ्यास करायचा होता. खिडकीचं काही नाही त्यात. चूक माझी आहे. तक्रार लेखी द्यावी लागेल, गॅसच्या कार्यालयात. माझं पूर्ण नाव आणि परवान्याचा नंबर लिहून देतो."

मग मिस्त्रींनी फोन काकूंच्या हातात परत दिला, आणि त्या काय बोलतात ते ऐकायला त्यांच्या शेजारी बाकावर बसले.